पेशंटची गोष्ट केसपेपरपर्यंत कशी आणायची: व्यवसायोपचारात कथनपद्धती वापरण्याची कृती

ओपीडीतल्या एका केसपेपरवर असं लिहिलंय: 'वय ५८, स्त्री. तीन महिन्यांपूर्वी पक्षाघात, उजवी बाजू. हाताची ब्रुनस्ट्रॉम स्टेज ३. बोलणं स्पष्ट. ध्येय: उजव्या हाताने जेवणे, साडी नेसणे, स्वयंपाकात मदत करणे.' (ब्रुनस्ट्रॉम स्टेज म्हणजे पक्षाघातानंतर हालचाल परत येण्याची पायरी.) यातला शब्दन् शब्द बरोबर आहे. तरीही एवढ्यावरच उद्याचा उपचार ठरवला, तर या काकूंकडून आपण महिनाभर असं काम करून घेऊ की जे त्यांना नकोच आहे.

या काकू म्हणजे कुणी एक खरी पेशंट नव्हे. सांगली-सातारा पट्ट्यातल्या ओपीडीत भेटावी तशी बाई मी उदाहरणासाठी उभी केली आहे, आणि लेखभर तिलाच सोबत ठेवणार आहे. लेख आहे व्यवसायोपचाराचे (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे माणसाला रोजची कामं पुन्हा करता यावीत यासाठीचा उपचार) विद्यार्थी, इंटर्न, पदव्युत्तर प्रबंधाला बसलेली मंडळी आणि रोजच्या ओपीडीत पिचलेले थेरपिस्ट यांच्यासाठी.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. पेशंटची गोष्ट ऐकली याचा पुरावा एकच: ऐकल्यानंतर उपचाराच्या कागदावर काहीतरी बदललेलं असतं. ध्येय बदललं, क्रम बदलला, साहित्य बदललं, निदान कुणाला सोबत बोलवायचं हे तरी बदललं. काहीच बदललं नसेल तर आपण छान गप्पा मारल्या. त्या मारायला हरकत नाही, पण त्याला कथनपद्धती, म्हणजे पेशंटच्या गोष्टीवरून उपचार किंवा संशोधन करणं, म्हणू नये.

हे आलं कुठून

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या व्यवसायोपचार संघटनेच्या पुढाकारानं एक अभ्यास झाला. शेरिल मॅटिंगली या मानववंशशास्त्रज्ञ बॉस्टनच्या एका रुग्णालयातल्या व्यवसायोपचार विभागात बसून, थेरपिस्ट विचार कसा करतात ते पाहत होत्या. त्यांना दोन भाषा ऐकू आल्या. फाइलमध्ये आणि राउंडला एक: स्नायू, कोन, ग्रेड, प्रगती. आपापसात बोलताना दुसरी: गोष्टींची. आणि या गोष्टी वेळ घालवायला सांगितल्या जात नव्हत्या. पेशंट कोण आहे, कुठे अडलाय, उद्या त्याच्याबरोबर काय करावं, हे थेरपिस्ट त्या गोष्टींमधूनच ठरवत होत्या. फक्त फाइलीत ते येत नव्हतं.

त्यांच्या सहकारी मॉरीन फ्लेमिंग यांनी थेरपिस्टच्या विचाराच्या वाटा वेगळ्या करून दाखवल्या: आजाराची आणि तंत्राची, समोरच्या माणसाशी जमवून घेण्याची, आणि या माणसाचं पुढचं आयुष्य कसं असू शकेल याची. या सगळ्यांना बांधणारा धागा गोष्टीचा, हे मॅटिंगली यांनी मांडलं. त्यांची आणखी एक कल्पना आपल्या फार कामाची आहे. थेरपिस्ट गोष्ट नुसती ऐकत नाही, पेशंटबरोबर ती पुढे रचते. सुटे व्यायाम एका कथानकात ओवले गेले की पेशंटला त्यात रस वाटू लागतो, कारण ते कुठेतरी चाललेले असतात. फ्लॉरेन्स क्लार्क यांनी १९९३च्या आपल्या मानाच्या व्याख्यानात पक्षाघातातून सावरणाऱ्या एका बाईच्या उदाहरणावरून हेच दोन टप्प्यांत मांडलं: आधी कामांची गोष्ट सांगणं, मग कामांमधून गोष्ट घडवणं.

आपल्याकडे कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात देशातलं पहिलं व्यवसायोपचार विद्यालय सुरू केलं. तेव्हापासून आजपर्यंत मराठी थेरपिस्टांनी ऐकलेल्या गोष्टींना तर गणतीच नाही. लिहून ठेवलेल्या मात्र फार थोड्या.

आधी ठरवा: कशासाठी ऐकताय?

उपचारासाठी ऐकत असाल तर गोष्ट तुकड्यातुकड्यांनी आली तरी चालते, आणि पेशंटची उपचारासाठीची संमती पुरते. संशोधनासाठी ऐकत असाल तर एथिक्स कमिटीची मंजुरी आणि वेगळी लेखी संमती आधी हवी. रेकॉर्डिंग आणि वेगळी बैठकही आलीच. 'ओपीडीत ऐकलेलं चांगलं होतं, म्हणून पेपरात घातलं' हे चालत नाही, नाव बदललं तरी नाही. आधी उपचाराचं पाहू, कारण वाचणाऱ्या बहुतेकांना रोज तेच करायचंय.

विचारायचं कसं

'काय वाटतं तुम्हाला?' असं विचारलं की उत्तर येतं, 'बरं आहे.' 'काय त्रास होतो?' म्हटलं की येतं, 'हात उचलत नाही.' दोन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत, पण गोष्ट दोन्हीत नाही. गोष्ट हवी असेल तर घडलेलं विचारावं लागतं.

'काकू, हे व्हायच्या आधी तुमचा साधा दिवस कसा असायचा? उठल्यापासून सांगा.'

सुरुवातीला एवढंच विचारायचं, आणि गप्प बसायचं. हे बसणं सगळ्यात अवघड. आपल्याला वाटतं, पेशंट अडलाय, मदत करावी. आणि आपण पर्याय पुढे करतो: 'म्हणजे स्वयंपाक वगैरे?' काकू 'हो' म्हणतात. साठीकडे झुकलेली बाई डॉक्टरसारखा कोट घातलेल्या मुलीला 'नाही' कशाला म्हणेल? केसपेपरवर 'स्वयंपाकात मदत' येतं ते बहुधा असंच. मनात दहापर्यंत अंक मोजा. आठव्या-नवव्या अंकाला बहुतेक माणसं बोलू लागतात.

पुढे ढकलायला लहान शब्द पुरतात: 'मग?', 'त्या दिवशी काय झालं?', 'तेव्हा घरात कोण होतं?' 'का' शक्यतो टाळा. 'का केलं नाहीत व्यायाम?' हा आपल्याकडे प्रश्न नसतो, ओरडणं असतं.

दोन प्रश्न मात्र मी कधीच सोडत नाही. पहिला: 'आता ते काम कोण करतं?' दुसरा: 'ते परत तुमच्याकडे यावं असं वाटतं का?' माणूस आजारी पडला की त्याची कामं हवेत विरत नाहीत. ती सुनेकडे जातात, धाकट्या भावाकडे जातात, शेजारणीकडे जातात. काही कामं गेल्याचं हायसं वाटतं आणि काहींचं जिवाला लागतं. कोणतं काम कुठल्या खात्यात, हे कुठल्याही स्केलवर येत नाही. आमच्या काकूंना स्वयंपाकाचं विचारलं तर त्या म्हणतील, 'सून बघते की. चाळीस वर्षं केला, आता परत त्यात पडायचं नाही.' खाडकन एक ध्येय गळालं.

तारखा विचारू नका, सण विचारा. 'दवाखान्यातनं घरी आलात ते गणपतीच्या आधी की नंतर?' याला लगेच उत्तर मिळतं. आषाढी, ऊसतोड, लग्नसराई, शाळा सुरू व्हायचा महिना, यांवर आयुष्याची रेषा कागदावर सहज काढता येते. किल्हॉफनर यांच्या मानवी व्यवसाय प्रारूपावर आधारलेली एक जीवनेतिहासाची मुलाखत आहे, तिच्यात शेवटी अशी रेषा काढतात: आयुष्य चढतंय, उतरतंय की सपाट चाललंय. पूर्ण मुलाखत घ्यायला वेळ नसेल तर निदान ती रेषा पेशंटलाच काढू द्या. उतार नेमका कुठून सुरू झाला हे पाहा. कधी कधी तो आजारपणाच्या आधी दोन वर्षं सुरू झालेला असतो.

नातेवाइकांचं काय? पेशंटला विचारावं आणि मुलानं उत्तर द्यावं, हा आपल्या ओपीडीचा शिरस्ताच आहे. त्याला बाहेर घालवू नका. तो दुखावेल, आणि घरी व्यायाम तोच करून घेणार असतो. त्याला सांगा, 'तुमचंही ऐकायचंय मला, आधी आईंचं होऊ दे.' आणि खरोखर ऐका. दोघांच्या गोष्टी वेगळ्या निघाल्या तर खरी कुठली याचा निवाडा करत बसू नका. त्या वेगळ्या आहेत हीच माहिती आहे. लिहिताना मात्र कोण बोललं ते लिहाच.

आता वेळेचं. वीस मिनिटांच्या सेशनमध्ये बसून मुलाखत होत नाही हे खरं. पण आपल्या कामात एक सोय आहे जी डॉक्टरांच्या कामात नाही: आपले हात पेशंटच्या हातावर बराच वेळ असतात. खांद्याचं स्ट्रेचिंग चालू असताना, तळहातावर वजन देऊन बसवलेलं असताना, नजरेला नजर नसते आणि तोंड मोकळं असतं. पुष्कळ माणसं समोरासमोर बसवल्यावर आखडतात आणि अशा वेळी भडाभडा बोलतात. एका सेशनला एक प्रश्न. दोन आठवड्यांत गोष्ट उभी राहते.

ज्यांचं बोलणं गेलंय त्यांना वगळू नका. मोबाइलमधले घरचे फोटो, हो-नाहीचे कार्ड, चित्रं, कागदावर खुणा, आणि नातेवाइकानं सांगितलेलं पेशंटला तुकड्यातुकड्यांनी विचारून घेणं: 'हे असंच झालं का?' वेळ तिप्पट लागतो. आणि काही माणसांना गोष्ट सांगायचीच नसते. आपलं आयुष्य गोष्टीसारखं ज्यांना दिसत नाही अशीही माणसं असतात. ती आजचं, आत्ताचं बोलतात. त्यांना व्यायाम हवा असेल तर व्यायाम द्या. गोष्ट उकरून काढणं हा उपचार नाही.

सात ओळी जवळून

समजा, तिसऱ्या-चौथ्या सेशनला काकू हे बोलल्या. ओळी मी तोडल्या आहेत, बोलताना जिथे श्वास घेतला तिथे.

१. वही तर माझीच हुती
२. बारा वर्सं झाली, एक पैसा इकडंतिकडं न्हाई
३. मग हे असं झालं
४. दवाखान्यात असतानाच जाऊबाईनं नेली
५. इचारलं न्हाई… म्हंजे इचारणार कुणाला, मी तर पडल्याली
६. आता बायका येत्यात, बसत्यात, माझ्यासंगं बोलत्यात, पैसं तिच्याकडं देत्यात
७. हाताचं काय, येईल न येईल

वही भिशीची आहे. वाड्यावरच्या वीस बायका, महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठी उघडून नंबर लावायचा, हिशोब काकूंकडे.

भाषाशास्त्रज्ञ विल्यम लेबोव्ह आणि जोशुआ वालेत्स्की यांनी १९६७ साली तोंडी गोष्टींचे भाग पाडून दाखवले होते: सुरुवातीला विषयाची झलक (हा भाग लेबोव्ह यांनी नंतर जोडला), मग कोण-कुठे-कधी, मग अडचण, मग सांगणाऱ्याला त्याचं काय वाटतं, मग शेवट काय झाला, आणि मग आजच्या क्षणाला परत येणं. काकूंच्या सात ओळींना ते लावून पाहा. १ आणि २ मध्ये पार्श्वभूमी. अडचण कुठे? आपलं वैद्यकीय डोकं म्हणेल ओळ ३, पक्षाघात. पण त्याला काकूंनी चार शब्द दिलेत, नावही घेतलं नाही. सगळं वजन ओळ ४ वर आहे. ५ आणि ६ मध्ये त्याचंच शल्य. शेवट काय झाला, तो भाग नाहीच. गोष्ट अर्धवट आहे. आणि ज्या हातासाठी आपण त्यांना आठवड्यातून तीनदा बोलावतोय तो अगदी शेवटी, जाता जाता.

आता कर्ता कोण ते बघा. ओळ ३ नंतर 'नेली' ते जाऊबाईनं, 'येत्यात, बसत्यात, देत्यात' त्या बायका. काकूंच्या वाट्याला एकच शब्द: 'पडल्याली'. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड पोल्किंगहॉर्न यांनी १९९६ साली व्यवसायोपचाराच्या नियतकालिकात लिहिताना दोन प्रकारच्या कथानकांत फरक केला होता: ज्यात माणसावर गोष्टी येऊन कोसळतात ते, आणि ज्यात माणूस स्वतः काही करतो ते. पुनर्वसनात माणूस पहिल्यातून दुसऱ्याकडे जातो का, हे बोलण्यातल्या क्रियापदांवरून ऐकू येतं. महिन्याभरानं काकू 'मी मोजले', 'मी सांगितलं' असं बोलायला लागल्या तर ते नोंदवण्याजोगं आहे. मात्र एक खबरदारी घ्या. 'देवाच्या मनात असेल तसं' म्हणणारा माणूस हातपाय गाळून बसलाय असं समजू नका. आपल्याकडे ती बोलायची रीत आहे. तेच म्हणत माणसं रोज दोन किलोमीटर चालतात.

ऐकलेलं फाइलमध्ये आणायचं

सेशन संपल्या संपल्या लिहा. संध्याकाळी लिहिलेलं आपलं असतं, पेशंटचं नसतं. लांबलचक नको. पेशंटचं एक वाक्य जसंच्या तसं, त्यातून तुम्हाला काय समजलं ते एक वाक्य, आणि त्यामुळे काय बदललं ते एक. असं:

'पेशंट म्हणतात: "बायका माझ्यासंगं बोलत्यात, पैसं तिच्याकडं देत्यात." भिशीचा हिशोब हे काम बारा वर्षं यांचं, आजारपणात जाऊबाईंकडे गेलं, ते परत हवंय. स्वयंपाक नकोय. ध्येय बदललं: पुढच्या भिशीच्या दिवशी चिठ्ठी उघडणे व रक्कम मोजणे. जाऊबाईंना पुढच्या सेशनला बोलावणे.'

पहिल्या वाक्यात पेशंट, दुसऱ्यात तुम्ही. दोघांची सरमिसळ होऊ देऊ नका. फाइल उद्या दुसरा थेरपिस्ट वाचणार आहे, कदाचित मुलगाही वाचेल. 'जाऊबाईंशी वाद' असलं काही लिहू नका. वाद आहे असं काकू म्हणाल्याच नाहीत.

गोष्ट पुढे रचायची

स्टेज ३च्या हातानं लगेच नोटा मोजल्या जाणार नाहीत. ताठरपणा भरात असतो, हालचाल ठरावीक साच्यातच होते. पण वहीवर वजन ठेवायला तो हात येऊ शकतो. उजवा हात पंजासकट वहीवर टेकवून ठेवायचा, डाव्या हातानं लिहायचं. हे त्या हाताचं वजन देण्याचं कामच आहे, फक्त खाली प्लिंथऐवजी (उपचाराच्या टेबलाऐवजी) वही आहे. डाव्या हातानं लिहिणं आधी आकड्यांपासून, चौकटीच्या वहीत, नावं नंतर. नोटा डाव्या हातानं मोजायच्या, गड्डी उजव्या हाताखाली दाबून. नोटा खऱ्या घ्या, दहा-दहाच्या. खेळण्यातल्या नोटा हातात दिल्या की काकूंचा चेहरा पडेल, आणि ते रास्तच आहे. चिठ्ठ्या करणं, घड्या घालणं, डब्यात हलवणं, उघडणं: बोटांचं काम आपोआप होतं.

यात तपासणीही दडलेली आहे. डाव्या मेंदूला इजा आहे, तेव्हा आकडेमोड शाबूत आहे का हे पाहायलाच हवं होतं. वीस जणींच्या रकमेची बेरीज सांगा, मागच्या महिन्याची बाकी कुणाची ते विचारा. इथे चुका दिसल्या तर गोष्टीला वेगळं वळण द्यावं लागतं. दुसऱ्यांच्या पैशांचा प्रश्न आहे. काकूंच्या उमेदीसाठी वीस घरांचा हिशोब पणाला लावता येत नाही. मग जोडीनं करायची योजना काढा: चिठ्ठी काकूंनी उघडायची, नाव काकूंनी पुकारायचं, रक्कम दोघींनी मोजायची, वही जाऊबाईंनी लिहायची. म्हणूनच जाऊबाईंना सेशनला बोलवायचं. त्यांची गोष्ट अजून कुणी ऐकलेलीच नाही. अंगावर आलेलं काम त्या कदाचित नाइलाजानं करत असतील.

भिशीचा दिवस ही आपोआप मिळालेली मुदत. 'सहा आठवड्यांत हस्तकौशल्यात सुधारणा' यापेक्षा 'पाच तारखेला चिठ्ठी' हे ध्येय काकू घरी जाऊन सुनेला सांगू शकतात. मोजमाप सोडायचं नाही. बार्थेल इंडेक्स (रोजची कामं किती स्वतः जमतात याची मोजपट्टी) भरा, ताठरपणाची ग्रेड लिहा, आणि कॅनडात तयार झालेल्या सीओपीएम या मोजपट्टीवर काकूंकडूनच या कामाला दहापैकी गुण घ्या: किती जमतंय आणि त्यावर समाधान किती. गोष्ट आणि आकडे यांच्यात भांडण लावणाऱ्यांचं मला नवल वाटतं. काय मोजायचं हे गोष्टीनं सांगितलं, किती झालं हे आकड्यानं.

आणि पाच तारखेनंतर काकू म्हणाल्या, 'चिठ्ठी पुरे, हिशोब राहू दे तिच्याकडं', तर ते अपयश मानू नका. गोष्ट त्यांची आहे.

संशोधनाला वापरताना

प्रश्नापासूनच सुरुवात करू, कारण बहुतेक प्रबंध तिथेच भरकटतात. 'पक्षाघातानंतरचे अनुभव' हा प्रश्न नव्हे, ते कपाट झालं, त्यात काहीही मावतं. 'घरातली जबाबदारी दुसऱ्याकडे गेली हे ग्रामीण भागातल्या मध्यमवयीन बायका कसं सांगतात?' हा कथनपद्धतीचा प्रश्न आहे, कारण त्यात 'कसं सांगतात' आहे. किती जणींना झालं, हे हवं असेल तर सर्वेक्षण करा.

सहभागींची संख्या कमीच असते. पदव्युत्तर प्रबंधाला चार ते सहा जण आणि प्रत्येकाच्या दोन बैठका, असं मी सुचवते. वीस जणांच्या पंधरा मिनिटांच्या मुलाखतींपेक्षा हे केव्हाही बरं. दुसरी बैठक हवीच. पहिल्यांदा माणूस पाहुण्याला सांगतो तशी गोष्ट सांगतो.

संमतीसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं समोर ठेवा. लिहिता-वाचता न येणाऱ्या सहभागीसाठी अंगठा आणि तटस्थ साक्षीदार लागतो. तो साक्षीदार विभागातली सिस्टर किंवा तुमचा ज्युनिअर नको. संमतीपत्र मराठीत लिहा म्हणजे खरंच मराठीत: 'सदर संशोधनातील सहभाग ऐच्छिक स्वरूपाचा असून' हे काकूंना कळत नाही. 'नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही' हे कळतं. पण तेही ज्याच्या हातात उपचार आहे त्यानंच म्हटलं तर पटत नाही; म्हणून स्वतःच्या पेशंटची मुलाखत शक्यतो स्वतः घेऊ नका. रेकॉर्डिंगची परवानगी वेगळी घ्या.

ओळख लपवणं इथे नाव बदलून भागत नाही. भिशी, बारा वर्षं, जाऊ, पक्षाघात, तालुक्याचं नाव: एवढ्यावर गावातली कुणीही बाई ओळखली जाईल. भिशीचा बचत गट करा, तालुका काढा, वर्षं 'दहाच्या वर' करा. मात्र अर्थ बदलेल असं काही बदलू नका. जाऊबाईची नणंद केलीत तर गोष्टच वेगळी होते.

बोलता बोलता माणूस रडतो. रेकॉर्डर बंद करा, पाणी द्या, थांबा. पुढे बोलायचं की नाही हे त्यांना विचारा. पुढे पाठवायची सोय आधीच करून ठेवा: रुग्णालयातला मानसोपचार विभाग, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक. आणि त्या अश्रूंना प्रबंधाचा उच्चबिंदू करू नका.

रेकॉर्डिंग ऐकून शब्दशः उतरवून काढायचं काम स्वतः करा. तासाभराच्या रेकॉर्डिंगला सहा-सात तास सहज जातात, बोली अनोळखी असेल तर जास्त. 'न्हाई'चं 'नाही' करू नका. थांबणं, हसणं, आवाज खाली येणं, मध्येच सून चहा घेऊन येणं, सगळं लिहा. ती आल्यावर विषय बदलला असेल तर तेच तुमचं निरीक्षण. मोबाइलमधली आपोआप टंकणारी सोय बोलीचं प्रमाणीकरण करून टाकते, शिवाय रेकॉर्डिंग कुणाच्या तरी सर्व्हरवर जातं. एथिक्स कमिटीला तुम्ही तसं कळवलंय का, ते आधी पाहा.

विश्लेषणाच्या वाटा समाजशास्त्रज्ञ कॅथरीन रीसमन यांनी नीट आखून दिल्या आहेत. काय सांगितलं ते पाहणं ही एक, कसं रचून सांगितलं ती दुसरी. कुणाला आणि कशासाठी सांगितलं ती तिसरी. आणि चित्रं-फोटोंमधून काय सांगितलं ती चौथी. वरच्या सात ओळींवर आपण दुसरी वापरली. तिसरी वापरायची तर विचारा: काकू हे कुणाला सांगताहेत? शहरातून आलेल्या थेरपिस्टला. जाऊबाई समोर असत्या तर ओळ ४ अशी आली असती का? एक-दोन वाटा निवडा आणि त्याच का, हे लिहा.

त्याआधी एक निवड पोल्किंगहॉर्न यांच्या १९९५च्या मांडणीतली. सगळ्यांच्या गोष्टींमधून समान सूत्रं काढायची, की एकेकीच्या विखुरलेल्या बोलण्यातून एक सलग गोष्ट बांधायची? पहिल्यात सहाही बायका एकत्र दिसतात, पण काकू विरघळून जातात. दुसऱ्यात काकू राहतात, पण बांधणारे आपण असतो, तेव्हा कुठला धागा का ओढला याची डायरी ठेवावी लागते. डायरीत स्वतःलाही लिहा: बाई म्हटल्यावर मला आधी स्वयंपाकघरच का सुचलं? नवखे संशोधक बहुधा पहिली वाट धरतात आणि प्रत्येक गोष्टीचे सूत्रांपुरते तुकडे करतात. तसंच करायचं असेल तर कथनपद्धतीचं नाव कशाला घ्यायचं?

समाजशास्त्रज्ञ आर्थर फ्रँक यांनी १९९५ साली आजारपणाच्या गोष्टींचे तीन ढंग सांगितले: बरा होऊन पूर्ववत होण्याचा, सगळं विस्कटल्याचा, आणि आजारातून काही शोधल्याचा. वाचावेत जरूर. पण पेशंटला त्या खोक्यांत बसवू नका, आणि विस्कटलेली गोष्ट ऐकताना 'होईल सगळं नीट' म्हणत तिला तिसऱ्या खोक्याकडे ढकलू नका.

विश्लेषण मराठीतच करा. इंग्रजी करून मग विश्लेषण केलं की 'पडल्याली'मधलं सगळं निघून जातं. प्रबंधात उतारे देवनागरीत छापा आणि खाली भाषांतर द्या. विद्यापीठाचा नमुना आड येत असेल तर मूळ उतारे परिशिष्टात घ्या, पण घ्या. बांधलेली गोष्ट सहभागीला वाचून दाखवा. 'आता मला तसं वाटत नाही' असं त्या म्हणाल्या तर जुनं खोडू नका. दोन्ही ठेवा, तारखांसकट. लिहून झालं की गुणात्मक अभ्यासांसाठीची ३२ मुद्द्यांची कोरेक यादी पडताळा.

व्हायव्हाला (प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला) पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'फक्त पाच पेशंट? यावरून निष्कर्ष कसा काढणार?' याला बचावाचं उत्तर देऊ नका. सांगा की हा अभ्यास किती जणींना असं होतं हे सांगतच नाही. कामं दुसऱ्याकडे जाताना काय घडतं, ते त्या कुठल्या शब्दांत सांगतात, आणि त्यावरून आपल्या तपासणीत कुठला प्रश्न घालायला हवा हे सांगतो. मग तो प्रश्न परीक्षकांना वाचून दाखवा: 'आता ते काम कोण करतं?' आणि तुमच्या विभागाच्या तपासणी फॉर्ममध्ये तो घातला असेल, तर तो फॉर्मही सोबत न्या.